फुकटचा दोर बाद

मी सुभेदार रामदास ढवळे, निवृत्त. गाव घाटंजी तालुक्यात. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली आणि ती सगळी सप्लायमध्ये. आठवडी बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की हमखास विचारतं, सुभेदारसाहेब, किती दुश्मन मारले? मी खरं सांगतो, एकही नाही. पण कोटेशनं हजारो मागवली. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं म्हातारा काहीतरी लपवतो आहे. लपवण्यासारखं काही नाही. ज्या पलटणीला वेळेवर पीठ, डिझेल आणि मोजे मिळत नाहीत ती लढणार काय कप्पाळ? ते मिळवून देण्याचं काम कोणीतरी करायचं असतं. ते मी केलं.

मागच्या महिन्यात नेरच्या काही व्यापारी मंडळींनी मला बोलायला बोलावलं. विषय दिला, संकटकाळातली खरेदी आणि टेंडर. हार घातला, चहा दिला आणि समोर पंखा लावून बसले. मी त्यांना उमरखेडकडच्या पुराची गोष्ट सांगितली. ती त्यांना आवडली, म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्या वर्षी माझी पोस्टिंग नागपूरकडच्या एका युनिटमध्ये होती. पोळा पाच दिवसांवर आला होता. पैनगंगा तीन दिवसांपासून फुगलेली होती. सिव्हिल प्रशासनाने फौज मागितली, आणि आमचा साठ जणांचा कॉलम निघाला. कॉलम कमांडर मेजर थॉमस. केरळचे, उंच, सडपातळ, आणि नियमाच्या बाबतीत दगडासारखे. त्यांच्या खिशात कायम एक छोटी वही असायची. तीत ते खरेदीचे नियम स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवायचे. आम्ही त्या वहीला त्यांची पोथी म्हणायचो, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

आम्ही संध्याकाळी नदीकाठच्या एका गावात पोचलो आणि तिथल्या शाळेत मुक्काम केला. उमरखेड तिथून चौदा किलोमीटर. मास्तरांनी फळा पुसायला नको म्हटलं, म्हणून आमचा नकाशा आम्ही सातच्या पाढ्याशेजारी चिकटवला. पुढचे तीन दिवस रोजचंच काम होतं. सकाळी बोटी, दुपारी बोटी, संध्याकाळी माणसांची मोजणी. जेवायला खिचडी. गावातल्या बाया दर जेवणाला चटणी पाठवायच्या. आमच्या हरियाणाच्या जवानांनी पहिल्या दिवशी ती भाजी समजून खाल्ली, आणि मग दोघं संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीजवळून हलले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी 0540 वाजता अडचण आली. गावापलीकडे बोरीमाळ नावाची वस्ती होती. एरवी तिथे जायला एक कोरडा नाला ओलांडावा लागतो. आता त्या नाल्याची नदी झाली होती, रुंदी एकशे ऐंशी मीटर. वस्तीत एकशे बारा माणसं अडकलेली. गुरं मात्र लोकांनी पाणी चढायच्या आधीच अलीकडे हाकलून आणली होती. पोळा तोंडावर असताना बैलाला काही झालेलं त्यांना चालणार नव्हतं. बैल सोडवले आणि स्वतः घराच्या राखणीला परत गेले. आमच्या भागातला माणूस असाच आहे, त्याला काय बोलणार?

आमच्याकडे दोन बोटी होत्या. एक खालच्या गावांत कामावर होती. दुसरीचं इंजिन पाण्याखालच्या तारेच्या कुंपणात अडकून त्याचा पंखा मोडला. सुटा पंखा मागच्या ट्रकमध्ये, आणि ट्रक वाहून गेलेल्या पुलाच्या पलीकडे. 0600 वाजता वायरलेसवर निरोप आला की वरच्या धरणाचे दरवाजे दुपारी आणखी उघडणार, पाणी 1700 च्या सुमारास बोरीमाळवर चढेल. म्हणजे अकरा तासांत एकशे बारा माणसं अलीकडे आणायची, आणि तीही बिनइंजिनाच्या बोटीने.

उपाय नायक बळीराम राठोडने सुचवला. बळीराम पुसदकडच्या एका तांड्यावरचा, बोटींच्या डिटॅचमेंटमध्ये होता. वय तिशीच्या आत, पाण्यात मासा, बोलायला कंजूष. तो मेजर साहेबांना म्हणाला, "साहब, एक मोटा रस्सा आर-पार बांधेंगे. नाव को चरखी से उस पर लटकाएंगे, और हाथ से खींचेंगे."

"रस्सा कितना?"

"दो सौ मीटर. एक ही टुकड़ा. जोड़ हुआ तो चरखी में फँसेगा."

आमच्याकडे होता शंभर मीटरचा. मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ढवळे साहब, लोकल परचेस. तीन कोटेशन. दस बजे तक माल चाहिए."

इथे सिव्हिलियन वाचक हसतील. घर जळतंय आणि हे कोटेशन मागतात! नेरच्या सभेतही हसले. पण संकटात नियम सोडून खरेदी केली की काय येतं ते मी पाहिलं आहे. घाईघाईत आणलेले, आतून कुजलेले तंबू पाहिले आहेत. आणीबाणीत नियम कमी करता येतात, मुदत दहा दिवसांची दहा मिनिटं करता येते, सीलबंद पाकिटाऐवजी बिडीच्या कागदावर दर चालतो. पण तीन ठिकाणी विचारायचं आणि माल डोळ्यांनी पाहायचा, एवढं सुटत नाही. माझ्या परचेस बोर्डात तिघं होतो. मी, एक स्टोअरचा हवालदार, आणि माल वापरणारा म्हणून बळीराम.

0740 ला आम्ही उमरखेडच्या बाजारात होतो. दुकानं बंद होती, पण फौजेची जिप्सी उभी राहिली की शटर आपोआप वर जातात. पाच मिनिटांत चाळीस-पन्नास माणसं गोळा झाली. आणि इथे मी घोडचूक केली.

खरेदीत दर आधी विचारायचा आणि कारण नंतर सांगायचं असतं, किंवा सांगायचंच नसतं. हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. पण हा माझा जिल्हा. माझी माणसं, माझी बोली. मला राहवलं नाही. मी जिप्सीच्या बॉनेटजवळ उभा राहिलो आणि छाती फुगवून सगळं सांगितलं. एकशे बारा माणसं अडकली आहेत, इंजिन मोडलं, संध्याकाळी पाणी चढणार, दोर पाहिजे, फौज तुमच्या दारात आली आहे. भाषण झकास झालं. एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. मला स्वतःलाही थोडं भरून आलं.

पहिलं दुकान किसनशेठचं, शेतीच्या सामानाचं. मी कोटेशनचा कागद पुढे केला. त्यांनी पेन घेतलं आणि दराच्या रकान्यात भलं मोठं शून्य काढलं.

"शेठ, हे काय?"

"फौजेपासून पैसे घेऊ काय जी आमी? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या."

दुसरं दुकान हमीदभाईंचं, हार्डवेअरचं. त्यांनी किसनशेठचं शून्य पाहिलं. म्हणाले, "किसनशेठ एकटेच देशभक्त हाय का? माझं बी शून्य लिहा. आन् वरून चहा."

गर्दीने टाळ्या वाजवल्या. मी जिप्सीत जाऊन वायरलेस उचलला.

"बेस, सप्लाय वन. मेसेज. ओव्हर."

"सप्लाय वन, पास युअर मेसेज. ओव्हर."

"दो कोटेशन मिले. दोनों का रेट शून्य. ओव्हर."

"से अगेन?"

"जीरो, साहब. मुफ्त दे रहे हैं. ओव्हर."

पलीकडे पोथीची पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी आजही शपथेवर सांगेन.

"शून्य दर मान्य नहीं. कोटेशन बाद. दान लेना है तो ऊपर से मंजूरी, दो दिन लगेंगे. रेट लाओ. आउट."

0815 झाले होते. मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात उलटी घासाघीस केली. घेणारा भाव वाढवतोय आणि देणारा पाडतोय.

"शेठ, निदान अर्ध्या भावानं तरी द्या."

"लाजवता काय, सुभेदारसाहेब?"

"बरं, पाव भाव. वाहतूक समजा."

"वाहतूक तर तुमच्याच गाडीनं होऊन राह्यली! कायची वाहतूक?"

"शेठ, हात जोडतो. थोडा तरी नफा घ्या."

किसनशेठ खूप विचार करून म्हणाले, "तुमचं मन मोडत नाही. लिहा एक रुपया."

एक रुपयाही बादच. तो दर नसतो, शून्याला टोपी घातलेली असते. एव्हाना बळीराम दुकानाच्या आत जाऊन माल पाहून आला होता. त्याने माझ्या कानात सांगितलं की किसनशेठचा दोर पोळ्यासाठीचा आहे, रंगीत, दिसायला छान, पण बैलाच्या मानेपुरता. हमीदभाईंचा जाड होता, पण तीन तुकडे. दोघांनी मनापासून दिलेला माल, आणि दोन्ही कामाचे नाहीत. भाषण ऐकल्यावर किती मीटर, किती जाड, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला.

"तिसरं दुकान कोणतं?" मी विचारलं.

गर्दीतून एक रिक्षावाला अनिच्छेने म्हणाला, "एक गिरजाबाई हाय, बसस्टँडच्या मागं. पण तिच्या वाटेले जाऊ नका, साहेब. बाई कडक हाय."

गिरजाबाईंचं दुकान दोर-सुतळीचं. वय साठीच्या पुढे, बुटक्या, हात पुरुषासारखे मोठे. त्यांचा माल मुख्यतः विहिरी खोदणाऱ्या टोळ्यांकडे जायचा. त्यांनी माझं भाषण ऐकलेलं नव्हतं. या वेळी मी शहाण्यासारखा फक्त माल सांगितला. नायलॉन, जाड, दोनशे मीटर, अखंड.

"त्याच्यावर वजन कायचं येईन?" त्यांनी विचारलं. त्या सकाळी मला हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस.

"बोटीचं. बोटीत आठ माणसं. वरून धारेचा जोर."

त्यांनी वर पाहिलं. "माणसं?"

"होय."

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि दर लिहिला. बाजारभाव. पुरा. सुट्टा एक पैसा कमी नाही.

मागे आलेली गर्दी खवळली. किसनशेठ म्हणाले, "गिरजाबाई, थोडी लाज धरा ना. फौजेपासून पैसे घेता? आमी फुकट देऊन राह्यलो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, माह्या दोरावर माणसं विहिरीत उतरतात. तीस वरसं झाली. फुकटचा दोर मी कोणाले देत नाही. काहून सांगू? फुकटचा माल कोणी पाहून घेत नाही, आन् देणाराबी पाहून देत नाही. उद्या तुटला, तर म्हणता येत नाही ना कोणाले काही. पैसे घेतले का माझी मान अडकली. अडकू द्या."

मी अठ्ठावीस वर्षं खरेदी केली, कोर्स केले, परीक्षा दिल्या. संकटकाळातल्या टेंडरचं सार याहून नेमकं मला कोणी सांगितलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

"मग देता?" मी म्हटलं.

"न पाहता देत नाही म्हणलं ना. हे पोरगं वापरन का?" त्यांनी बळीरामकडे बोट दाखवलं. "चाल रे बापा. सोड दोर."

मग आम्ही बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर पुरी गुंडाळी उलगडली. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत थांबला, मग खाली उतरून त्यानेही एक टोक धरलं. बळीराम एका बाजूने, गिरजाबाई दुसऱ्या बाजूने, दोघंही वितभर वितभर दोर हातातून सोडत चालले. मी घड्याळ पाहत होतो. 0855. 0900.

सत्तर मीटरच्या आसपास बाई थांबल्या. पुन्हा हात मागे नेला. दोराचे पीळ उकलून पाहिले. आत दोन पदर उंदराने कुरतडलेले होते. वरून दिसत नव्हते.

"हा बाद," त्या म्हणाल्या. "रामराम म्हणा याले. दुसरी गुंडाळी काढ."

फुकट मिळाला असता, तर भाषणावर खूश होऊन मी हा दोर तसाच उचलला असता. बळीराम माझ्याकडे पाहून हसला. तो क्वचित हसायचा.

दुसरी गुंडाळी शेवटपर्यंत पाहिली. निर्दोष. वायरलेसवर दर सांगितला. मेजर साहेब म्हणाले, "मार्केट रेट? शाबास. अप्रूव्ड. आउट." पहिल्यांदाच पूर्ण भाव दिल्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. बाईंनी पक्कं बिल फाडलं, सही घेतली, दुकानाला कुलूप लावलं आणि जिप्सीत येऊन बसल्या.

"बाई, तुम्ही कुठं?"

"दोर जाते तिथं. मान माझी हाय ना?"

किसनशेठ आणि हमीदभाई मागून टेम्पो घेऊन आले. टेम्पोत पोहे, बिस्किटं आणि चहाची मोठी किटली. ती खरेदी नव्हती, म्हणून मी कोटेशन मागितलं नाही.

1010 ला आम्ही काठावर पोचलो. पाणी पिवळं, त्यात झाडं, कडबा, एक दाराची चौकट वाहत चाललेली. पलीकडे बोरीमाळची माणसं रांगेत उभी होती, लहान लहान दिसत होती. बळीरामने लाइफ जॅकेट चढवलं, कमरेला हलकी दोरी बांधली आणि बराच वर जाऊन पाण्यात शिरला. पोहणं मला फारसं कळत नाही. मला इतकंच कळलं की तो पलीकडच्या काठाकडे पोहत नव्हता, धारेला तिरकस पोहत होता, आणि धार त्याला खाली आणत होती. मध्ये एक झाड त्याच्या अंगावर आलं. तो दिसेनासा झाला. दोरी सोडणारा शिपाई जागच्या जागी थिजला. मग खाली वीस मीटरवर डोकं वर आलं. काठावर कोणीतरी मोठ्याने शिवी दिली. ती मेजर साहेबांनी दिली होती, मल्याळममध्ये.

1105 ला त्याने पलीकडे हात वर केला. वस्तीच्या माणसांनी त्याच्याबरोबर हलकी दोरी ओढली, तिला बांधलेला जाड दोर गेला, आणि 1145 ला तो दोन्हीकडे बांधून ताणला. अलीकडे एका जुन्या बाभळीला, पलीकडे दोन मोठ्या कडुलिंबांना. बोटीवर दोन शिपाई चढले. पहिली फेरी 1150.

बळीराम पलीकडेच थांबला. कोणी आधी बसायचं, कोणी नंतर, किती, हे पाहायला तिथे फौजेचं एक माणूस हवं होतं. प्रत्येक फेरीला तो वॉकी-टॉकीवर आकडा सांगायचा आणि मी लिहायचो.

"आठ निकले. ओव्हर."

"आठ आए. टोटल सोलह. ओव्हर."

एक फेरी एकोणीस-वीस मिनिटांची. सोबत गाठोडी असली की आठाऐवजी सातच माणसं बसायची. एका आजोबांनी बोटीत पाऊल ठेवण्याआधी भाडं विचारलं. एका बाईने कोंबडी पदराखाली आणली, बोटीत ती ओरडली, तेव्हा म्हणाली की तान्हं बाळ आहे. एक वरातीच्या थाटात फेटा बांधून आला. विचारलं तर म्हणे, घरात फेटा एकच, पुरात भिजायला ठेवू काय? किसनशेठ उतरणाऱ्याला चहा देत होते आणि प्रत्येकाला सांगत होते की दोर गिरजाबाईंचा आहे. सकाळचं भांडण ते विसरले होते.

गिरजाबाई मात्र चहाला उठल्या नाहीत. बाभळीजवळ दगडावर बसून त्या एकसारखी गाठ पाहत होत्या.

1510 ला, बोट पलीकडे पोचली तेव्हा, त्या एकदम उभ्या राहिल्या. "थांबवा! बोट सोडू नका!"

मी धावत गेलो. "काय झालं?"

"घासून राह्यला. पाहा."

बाभळीची साल निघून आत कठीण लाकूड उघडं पडलं होतं, आणि दर ओढीला दोर त्याच्यावर कातला जात होता. वरचा एक पदर पिंजला होता. माझ्या हिशेबाने अजून पाच फेऱ्या बाकी, आणि घड्याळात पावणेदोन तास.

"बाई, पाच फेऱ्या निघतील का?"

"दोन निघतीन. तिसरीचं मी सांगत नाही." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तुमाले वेळ पाह्यजे का माणसं?"

मेजर साहेबांना मराठी येत नव्हतं. पण ते सगळं समजले. "स्टॉप," म्हणाले. वीस मिनिटं काम बंद. बाईंनी दोर वाव-दीड वाव, म्हणजे सहा-नऊ फूट, सैल सोडवून घेतला, पिंजलेला भाग ओढीतून मागे काढला, बुंध्याला गोणपाटाच्या चार घड्या गुंडाळल्या, आणि नवी गाठ स्वतः मारली. आमचे दोन इंजिनियरिंगवाले शिपाई शेजारी उभे राहून शिकत होते. त्या वीस मिनिटांत मी इतक्या वेळा घड्याळ पाहिलं की मेजर साहेबांनी माझा हात धरून खाली केला. पलीकडून बळीरामने एकदाच विचारलं, "सब ठीक? ओव्हर." मी म्हटलं, "ठीक. वेट. ओव्हर." त्याने पुन्हा विचारलं नाही.

1532. "आता न्या," बाई म्हणाल्या.

पाणी ठरल्या वेळेआधीच वाढू लागलं. 1620 ला पलीकडच्या लिंबांच्या बुडाशी पाणी आलं. वॉकी-टॉकीवर बळीरामचा आवाज आधीसारखाच होता.

"आठ निकले. बचे पाँच. ओव्हर."

"तू भी आ जा इसी में. ओव्हर."

"जगह नहीं. अगली में. ओव्हर."

पंधराव्या फेरीला 1652 वाजता बोट काठाला लागली. पाच जण उतरले, त्यांच्या मागे बळीराम, गुडघ्यापर्यंत चिखल. मी वहीत आकडा लिहिला, एकशे बारा, आणि खाली दोन रेघा मारल्या. मेजर साहेबांनी वही घेऊन आकडा पुन्हा तपासला, अर्थात. मग कोपऱ्यात जाऊन पोथीने डोळे पुसले, असं हवालदार सांगतो. मी पाहिलं नाही.

दोर पलीकडून सोडवणं शक्य नव्हतं. तो नदीने नेला. मला त्याचं लॉस स्टेटमेंट करावं लागलं, चार प्रती. नुकसानीचं कारण या रकान्यात मी लिहिलं, पैनगंगा. वरून प्रश्न आला नाही. गिरजाबाई जाताना बळीरामला म्हणाल्या, "पोळ्याले येजो जेवाले. पुरणपोळी. आन् तिचे पैसे घेणार नाही बरं." तो गेला की नाही मला माहीत नाही.

नेरच्या सभेत मी इथवर सांगितलं. लोक खूप हसले, खूप टाळ्या वाजवल्या, आणि मी खाली बसलो. पुढचं तिथे सांगितलं नाही. इथे सांगतो.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी नायक बळीराम राठोड उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर गेला. बर्फाचा कडा सुटला. त्याची पार्टी खाली उतरत होती. चौघं वाचले. तो मागे होता.

मी मराठी बोलणारा, त्याच्या जिल्ह्यातला, म्हणून पार्थिवाबरोबर मला पाठवलं. तांड्यावर पाच-सहाशे माणसं जमली होती. सलामी झाली, घडी घातलेला तिरंगा त्याच्या आईच्या हातात दिला. सगळे पांगल्यावर ती माऊली मला म्हणाली, "तुमी त्याच्या संगं होते?"

"होतो, आई. पुराच्या वेळी, उमरखेडला. त्यानं सांगितलं असेल."

"नाई. तो घरी काईच सांगत नव्हता."

म्हणून मी सांगितलं. दोर, गिरजाबाई, कोंबडी, फेटा, सगळं. तांड्यातल्या चार बाया जवळ येऊन बसल्या. कोंबडीच्या जागी आई हसली सुद्धा. मी शेवटपर्यंत सांगितलं.

"सगळे आले पार?" तिने विचारलं.

"सगळे. एकशे बारा."

ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली.

"आन् बळी?"

"तो शेवटच्या फेरीत आला, आई. सगळ्यांच्या मागून."

"आला ना पार?"

"आला."

"मंग एकशे तेरा म्हणा ना, साहेब."

माझ्या वहीत एकशे बाराच आहे. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही. तोंडाने मात्र त्या दिवसापासून मी एकशे तेरा म्हणतो.